अनोळखी वासाच्या माश्या

पेटीच्या दाराशी मेलेल्या मधमाश्यांचा खच पडला होता. गऊबाई त्या सुपात गोळा करत होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

मी तेव्हा शेतीखात्यात डेमॉन्स्ट्रेटर होतो. सोलापुरात ऑफिस, काम गावोगाव मधमाश्या पाळायला शिकवायचं. करकंबच्या गऊबाईंच्या लिंबाच्या बागेत दोन पेट्या होत्या. नवरा वारल्यापासून त्या बागेतच राहायच्या. माश्यांना ‘माझ्या पोरी’ म्हणायच्या.

एका पेटीतली राणी मेली. राणी नसली की नवी अंडी नाहीत, हळूहळू पेटी संपते. ऑफिसातून साहेबांची ऑर्डर आली, ‘युनाइट करा.’ म्हणजे राणी असलेल्या पेटीत या माश्या मिसळायच्या. मी बिनराणीच्या पेटीतल्या पोळ्याच्या दोन चौकटी उचलल्या आणि सरळ राणीच्या पेटीत झटकल्या. परतीची मोटर गाठायची होती.

पण प्रत्येक पेटीचा वास वेगळा असतो. माश्या त्यावरूनच आपली-परकी ओळखतात. परकीला डंख मारून मारतात. मोटर यायच्या आतच दाराशी तो खच पडला.

“सायेब,” गऊबाई शेवटी बोलल्या, “ह्या एकाच बागंतल्या की. मग का मारलं?”

“रोग असेल,” म्हणालो आणि निघालो.

ऑफिसातही मी रोगाचंच कारण दिलं. साहेबांनी एकच विचारलं, “मध्ये पेपर घातला होतास?”

“नाही सर.”

“मग रोग तुला झालाय, घाईचा. परत जा. आधी बाईंना खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी मी बागेत उभा राहिलो. “मावशी, रोगबिग काही नव्हता. चूक माझी होती.”

त्यांनी बिनराणीच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ऱ्हायलेल्या वाचत्याल का?”

“वाचतील. पण तीन दिवस लागतील.”

“मग ऱ्हावा हितंच.”

राहिलो. राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा कागद पसरला, त्याला टाचणीनं भोकं पाडली आणि वर बिनराणीची पेटी ठेवली. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडतात. तोवर वास एकमेकींत मुरतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कागदाचा भुगा पडला होता. मेलेली माशी एकही नव्हती. झाकण उघडलं, तर माश्या एकमेकींना तोंडानं मध भरवत होत्या. गऊबाई वाकून बघत राहिल्या.

“वळखलं गं बायांनो,” त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “भाकरी खाऊन जावा.”

रिपोर्टात मी पहिल्या फसलेल्या प्रयत्नाचं कारण लिहिलं, ‘डेमॉन्स्ट्रेटरची घाई.’ साहेबांनी ते खोडलं नाही. युनाइट करायला तीन दिवस लागतात. ते वाचवायला गेलात, तर माश्या वाचत नाहीत.