तिळाएवढा अमेरिकन

साउथहॅम्प्टनला बंदराजवळच्या एका छोट्या कंपनीत मी हिशेब बघायचे. आम्ही अमेरिकेतून यंत्रांचे सुटे भाग मागवायचो. एका सकाळी नुकत्याच आलेल्या लाकडी खोक्यावरून एक तपकिरी किडा उतरला आणि माझ्या टेबलावर चालू लागला. तिळाएवढा. खोक्याच्या एका फळीवर झाडाची साल तशीच राहिली होती आणि तिच्याखालून बारीक भुसा गळत होता.

"फुंकर मार," मॅनेजर म्हणाला.

पण तांदूळ निवडण्यात माझं बालपण गेलेलं. किडा कधी एकटा येत नाही, एवढं मला कळत होतं. मी त्याला चटणीच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन केला.

दुपारी सरकारी इन्स्पेक्टरबाई आल्या. त्यांनी किडा स्पिरिटमध्ये बुडवला आणि खोकी सील केली. आठवड्याभराने परत येऊन म्हणाल्या, "उत्तर अमेरिकेतला साल पोखरणारा भुंगा आहे. याचा फारसा अभ्यास झालेला नाही."

"धोकादायक आहे?" मॅनेजरने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे नाही."

"तेही माहीत नाही."

खोकी जाळली. जाळायला माहिती लागत नाही. मग मॅनेजरने केक मागवला आणि आपल्या दक्षतेमुळे इंग्लंडची जंगलं कशी वाचली, यावर भाषण केलं. टाळ्या मीही वाजवल्या. केक चांगला होता.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ ट्रेनने आले. भुंग्याची ओळख त्यांनीच पटवली होती. उभा जन्म त्यांनी टाचणीला टोचलेले भुंगे पाहण्यात घालवला होता; या जातीचा जिवंत भुंगा कधीच पाहिला नव्हता. मॅनेजर त्यांना दक्षतेबद्दल सांगू लागला, तर ते मधेच म्हणाले, "चालताना कोणी पाहिला?"

मी हात वर केला.

"कसा चालत होता?"

मी टेबलावर बोट ठेवून दाखवलं. थोडं चालायचा, थबकायचा. पेनाने स्पर्श केला की पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडायचा. मग हळूच एक पाय बाहेर काढून अंदाज घ्यायचा.

"कुठला पाय?"

"पुढचा. डावा असावा."

म्हातारबुवांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर असं समाधान, की मला उगाच भरून आलं.

"पुन्हा एकदा दाखवाल?" ते म्हणाले.

मी पुन्हा दाखवलं. या वेळी मॅनेजरही वाकून बघत होता.