भरल्या नाल्यावरचा पूल

रेणुका इंगळे पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्या, तरी घरी बसल्या नाहीत. रोहिणखेडजवळच्या त्यांच्या माहेरगावात नाल्याला पूर आला की पलीकडच्या वस्तीतल्या मुलींची शाळा बुडायची. रेणुकाताईंचे काका त्याच नाल्यात वाहून गेले होते. ताईंनी अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेतले आपले सोबती गावात आणले. त्यांनी लहानशा पुलाचा आराखडा विनामूल्य करून दिला आणि पंचायतीने पूल बांधला.

यंदा पूर आला तेव्हा त्या काकांच्या पत्नी जनकाकाकू काठावरच थबकल्या. “टिकन काय व हा?”

रेणुकाताई पुलाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. “ये काकू, मी उभी आहो ना!”

काकूंनी कठडा घट्ट धरला आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच भरलेला नाला ओलांडला. त्यांच्यामागून दप्तरं सावरत मुली शाळेकडे निघाल्या.