शोभाताईंचा फ्रेंच पाढा

मी आमच्या फ्रेंच क्लासचे किस्से सुरू केले की बायको उठून आत जाते. तिचे सगळे ऐकून झालेत. पण दर आठवड्याला नवीन एखादा घडतोच, त्याला मी काय करू? पोटात ठेवले तर बीपी वाढतं. म्हणून आता तुम्ही ऐका.

होय, सेलूत फ्रेंच! कापूस बाजाराच्या मागं, सरकीच्या दुकानावरच्या खोलीत. शिकवणाऱ्या नेहा मॅडम पुण्यात शिकलेल्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. विद्यार्थी तीन. एक गणेश, नर्सिंग झालेला, त्याला कॅनडात नोकरी पाहिजे. दुसरा मी, कोर्टातला रिटायर क्लार्क. डॉक्टर म्हणाले, "काहीतरी नवीन सुरू करा." त्यांना बहुतेक चालणं म्हणायचं होतं!

तिसऱ्या शोभाताई. चुडाव्याच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून रिटायर झालेल्या. मुलगा मॉन्ट्रियलला, सून तिकडचीच. चार वर्षांच्या नातीला, गौतमीला, फ्रेंचशिवाय काही येत नाही. व्हिडिओ कॉलवर आजी हात हलवणार, नात हात हलवणार, कॉल संपला!

"डिसेंबरात येणार हाय पोरगी," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "तिच्याशी एक वाक्य तरी बोलायचंय मला."  गणेश आणि मी उगाच वह्या चाळत बसलो.

* * *

पहिलं क्रियापद आलं, मांजे. म्हणजे खाणं. मॅडम म्हणाल्या, "हे मूळ रूप. याची शेपटी काढायची आणि खाणाऱ्याप्रमाणे नवी लावायची. रेग्युलर क्रियापद आहे, एकदम सोपं. फक्त एका ठिकाणी मधेच एक अक्षर जास्त लागतं."

गणेश म्हणाला, "मॅडम, मग आमची जिंतूरची बस पण रेग्युलरच हाय!"

* * *

मग कळलं की मी खातो, तू खातोस, तो खातो, ते खातात, हे सगळं बोलायला एकच, मांज! लिहायला मात्र शेपट्या वेगवेगळ्या.

"बोलायचीच न्हाई तर लावायची कशाला वो शेपटी?" शोभाताईंनी विचारलं.

मॅडम पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "हा प्रश्न मीही पुण्यात विचारला होता."

"मग?"

"मला वर्गाबाहेर काढलं."

* * *

त्यानंतरचा धडा तर डोक्यावरून गेला. 'मला खायला आवडतं' म्हणायचं असलं तर आवडणं वळवायचं, म्हणजे त्याची शेपटी बदलायची, खाणं मात्र मूळ रूपातच ठेवायचं. जेम मांजे. दोन क्रियापदं शेजारी आली की पहिलंच वळतं, दुसरं जागचं हलत नाही. का? मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शोभाताईंचा चेहरा मात्र एकदम उजळला. "हे समजलं बघा! आमच्या घरी असंच हाय. मी दिवसभर वळायलेय, अन् आमचे हे खुर्चीत मूळ रूपात!"

तेव्हापासून त्यांचे मिस्टर स्कूटरवर त्यांना न्यायला आले, की गणेश खिडकीतून बघून सांगतो, "ताई, मूळ रूप आलं!"

* * *

पाठ कुणाचंच होईना. शेवटी शोभाताईंनी खडू हातात घेतला. "सगळं सोडा. पाढा म्हणा!" त्या पुढं, आम्ही मागं, मॅडमसुद्धा! ज मांज, त्यू मांज, इल मांज, एल मांज, नू मांजों, वू मांजे... मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही, सगळे अगदी बे एके बेच्या चालीवर.

आठवडाभरानं खालच्या सरकीवाल्यानं नारळ आणि पेढे पाठवले. "भजनाची समाप्ती कधी हाय?" म्हणून निरोप.

* * *

पाढ्यानं पाठ झालं, पण भलतंच झालं. मधलं कुणालाच येईना! बे सक किती विचारल्यावर पोरं बे एके बेपासून निघतात, तसं आमचं झालं.

गणेशचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. तिकडच्या बाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं, "तुम्ही सध्या काम करता का?" गडी मीपासून निघाला. तू, तो, ती, आम्ही, तुम्ही, ते, त्या, सगळ्यांना कामाला लावूनच थांबला.

बाई म्हणाल्या, "तुमची टीम बरीच मोठी दिसते!"

* * *

डिसेंबरात गौतमी आली. दोन दिवस बापाच्या पायामागं लपून होती. सोबत आणलेल्या बिस्किटांशिवाय काही खाईना. आजी जवळ गेली की रडायची. तिसऱ्या दिवशी शोभाताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. डोळे सुजलेले होते त्यांचे. मला फार वाईट वाटलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि पोरगी बघतसुद्धा नाही!

शोभाताई ताटात वरण-भात-तूप कालवून जमिनीवर बसल्या. मुलगा मधे बोलायला लागला, त्याला म्हणाल्या, "तू गप."

त्यांना एवढंच विचारायचं होतं, तू खातेस का? पण तूवर थेट जाता येतंय कुठं?

"ज मांज," त्यांनी चालीवर सुरुवात केली.

पोरीनं डोकं बाहेर काढलं. आजी 'मी खाते' म्हणतेय, पण खात तर नाही! तिनं घासाकडं बोट दाखवलं. शोभाताई गडबडल्या, आणि घास स्वतःच्याच तोंडात घातला.

"त्यू मांज."

पोरगी पुढं आली. आ केला. गेला घास!

"इल मांज." तिनं आजोबांकडं बोट केलं. मूळ रूप खुर्चीतून उठून खाली येऊन बसलं. "एल मांज." सुनेला घास. "नू मांजों." आम्हा सगळ्यांना! मॅडम तर डोळे पुसत खात होत्या.

पाढा संपला. गौतमी आजीच्या मांडीवर येऊन बसली आणि पुन्हा आ करून म्हणाली, "आँकोर!"

हा शब्द काही पाढ्यात नव्हता. शोभाताईंनी आमच्याकडं पाहिलं. गणेशनं माझ्याकडं, मी ताटाकडं. मॅडमचं तोंड भातानं भरलेलं. मुलगा सांगायला लागला, "आई, आँकोर म्हणजे..."

"गप रे," शोभाताई पुढचा घास कालवत म्हणाल्या. "कळलं मला."