कापसाच्या घरातली टॉर्च

मंगळवारी संध्याकाळी लाईन गेली आणि आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, कापसाच्या ढिगावर पडली. ढीग मऊ, म्हणून वाचली... पण हात दाराच्या चौकटीवर आपटला.

आमचं गाव घाटंजीपासून जवळच. सध्या घरात माणसं दोन आणि बाकी सगळा कापूस आहे. यंदा बोंडअळीनं निम्मा खाल्ला, आणि उरलेल्याला व्यापारी जो भाव सांगतो तो ऐकून माणूस मटकन खाली बसतो. म्हणून विकला नाही, ठेवला... भाव चढेल या आशेवर. मधली खोली पार आढ्यापर्यंत भरली आहे, जायला कडेनं एक पायवाट तेवढी ठेवली.

कापूस घरात असला की आगीची भीती, आणि माझा स्वभाव मुळातच काळजीचा. माचिस मी गोठ्यात ठेवली, चूल अंगणात नेली, बुद्धवंदनेची मेणबत्तीसुद्धा ओसरीच्या बाहेर लावायला सांगितली. तरी जळका वास आल्यासारखा वाटतो आणि मी उठून ढिगात हात घालून बघतो, गरम तर नाही ना...

त्यामुळे लाईन गेली की आधार फक्त टॉर्चचा. आणि ती टॉर्चच दगाबाज निघाली. घाटंजीच्या बाजारातून आणलेली, स्वस्तातली एलईडी. हलवली की लागायची, चार पावलं चाललं की विझायची. दुकानदाराकडे परत नेली तर म्हणाला, "पाडली असन तुमी." तरी बदलून दिली. दुसरीही तशीच निघाली... मला वाटलं, माझ्या हातालाच काही आहे.

मंगळवारी हीच टॉर्च घेऊन ही मागच्या दाराकडे निघाली होती. दाराच्या दोन पावलं अलीकडे टॉर्च विझली, आणि पुढचं वर सांगितलंच.

हात चोळत ही म्हणाली, "आता दोनातलं एक करा. हा कापूस त्या व्यापाऱ्याले देऊन टाका, नाही तं मी चालली वणीले पोरीकडं. उंदरामागं साप येते घरात. अंधारात पाय पडला म्हंजे?"

ती रागात नव्हती, म्हणून मी जास्त घाबरलो. त्या भावात कापूस द्यायचा म्हणजे वर्षभराची मेहनत मातीत. आणि ती गेली तर एवढ्या कापसात मी एकटा...

सकाळी टॉर्च घेऊन ओसरीत बसलो. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण उघडून बघायला काय जातं? हलवली की आत सेल खुळखुळायचे. म्हटलं, सापडलं! आमच्या घरात सध्या सगळ्या रोगावर एकच औषध आहे... खिडकीच्या फटीत कापूस, डुगडुगणाऱ्या खाटेखाली कापूस, थंडी वाजली की माझ्या कानात कापूस. तसाच एक बोळा सेलच्या मागे ठासला आणि झाकण घट्ट फिरवलं.

मग तर ती हलवूनही लागेना.

तेवढ्यात शेजारचा विलास आला. "जयभीम काकाजी, काय करून राह्यले?" मी झाकण उघडून दाखवलं, तर तो पोट धरून हसायला लागला. "काकाजी, तिची गादी भरली काय? कापसातून करंट जाते कुठी?"

पण हसून झाल्यावर त्यानं सांगितलं, की त्याच दुकानातून आणलेली त्याची टॉर्चही अशीच करते. मला खूप बरं वाटलं... म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता.

बोळा काढून टाकला. कापसातून नाही तर लोखंडातून तरी करंट जाईल म्हणून हिच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून घेतली, तिचं एक टोक सेलच्या बुडाला लावलं आणि दुसरं टॉर्चच्या नळीच्या काठाला. काहीच नाही. पिन काठावरून फिरवत गेलो... एका जागी रंगाचा टवका उडालेला होता, तिथं चक्क उजेड पडला. पिन सरकली की गेला.

ही मागून वाकून बघत होती. म्हणाली, "अवो, रंग आहे न तो! नवा विळा आणला का आधी दगडावर घासता का नाही तुमी? का रंगासकटच कापाले बसता?"

खरंच की. बाजारातला विळा रंग फासूनच येतो, तो खरवडल्याशिवाय कोणी वावरात नेत नाही. बनवणाऱ्यानं टॉर्चला रंग मारताना झाकण जिथं टेकतं तो काठही रंगवून टाकला होता. करंट जाणार कुठून?

मी पाट्याकडे निघालो तर ओरडली, "माह्या पाट्यावर नाही हां!" मग धुण्याच्या दगडावर काठ घासला, चकचकीत होईपर्यंत. फडक्यानं पुसून झाकण फिरवलं, बटन दाबलं... लागली. हलवली, लागलेलीच. मांडीवर आपटली, तरी लागलेलीच.

"आता फोडूनच पाहता काय काकाजी?" म्हणत विलास स्वतःची टॉर्च आणायला पळाला. तीही काठ घासून नीट झाली.

संध्याकाळी लाईन गेलीच. ही टॉर्च घेऊन मधल्या खोलीत शिरली आणि मी ओसरीतून बघत बसलो. उजेड कापसाच्या कडेकडेनं मागच्या दारापर्यंत गेला... आणि तसाच, न विझता परत आला.

माझ्याजवळ बसून म्हणाली, "पोरीले फोन लावा. म्हणा, कापूस इकला का येतो. दोघंही येतो."

भाव चढेल की नाही, मला माहीत नाही. काळजीही गेलेली नाही... सेल संपले तर काय, ही नवी काळजी सुरू झाली आहे. पण या दिवसांत घरात दुसरं माणूस आहे, हे केवढं मोठं आहे ते मला त्या अंधारात कळलं. बायकोचे तोंडावर आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे मानतो.