कापसाच्या दाढ्या

अनाथ पोर चेहऱ्यावरून ओळखता येतं, असं तुम्हालाही वाटतं का? मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांना तसंच वाटायचं. दर नाताळात ते जवळच्या अनाथाश्रमातल्या पोरांना सोसायटीत बोलवायचे, रांगेत उभं करायचे आणि खाऊ देताना फोटो काढून घ्यायचे.

त्याच आश्रमात वाढलेली लता आता तिथे स्वयंपाक करते. त्या रांगेत तीही उभी राहिलेली. गेल्या नाताळात चिमुरडी दीप्ती तिला म्हणाली, "लताताई, मी नाही हं उभी राहणार रांगेत."

"नको राहू गं," म्हणत लताने कापूस आणि डिंक उचलला. सोसायटीत पोचताच तिने आश्रमातल्या आणि बिल्डिंगमधल्या सगळ्याच पोरांना लाल टोप्या घालून पांढऱ्या दाढ्या चिकटवल्या.

श्यामकांतांनी त्यातल्या एका दाढीवाल्याला कवटाळलं आणि कॅमेऱ्याकडे बघत ते गहिवरून म्हणाले, "बाळा, तुला कुणी नसलं तरी आम्ही आहोत ना."

"आजोबा, सोडा ना, दाढी ओढली जातेय," त्यांचा नातू यज्ञेश कळवळला.

सगळ्यांच्या हसण्यात रांगेची पार वाट लागली. दीप्ती यज्ञेशशेजारी मांडी ठोकून केक खायला बसली.

येत्या नाताळात तुमच्याकडे ही पोरं आली, तर तेवढा फोन खिशात घाला आणि त्यांच्या पंगतीत बसा.