ज्वारीच्या दळणातले गहू

एन्डोस्कोपी आणि बायोप्सीचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "सीलियॅक डिसीज आहे. आजपासून गहू बंद. कणभरसुद्धा नाही." मला हसूच आलं. दोन वर्षं जुलाब, अंगात रक्त नाही, वजन अडतीस किलो, आणि एवढं सगळं करणारी कोण, तर चपाती.

हा ऑटोइम्यून आजार. म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्यावर उलटते. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की ती आतड्यावर तुटून पडते, आतली बारीक लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. खरं औषध म्हणजे पथ्य. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतात. पुडीतल्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे मला तेव्हा कळलं.

कारेगावला आम्ही नवराबायको दोघंही कंपनीत. शिफ्ट सांभाळून वेगळा स्वयंपाक जमेना, म्हणून रजा टाकून मी केडगावला माहेरी आले. आई म्हणाली, "तू पडून ऱ्हा. भाकरीचं मी बघते." ज्वारी निवडायची तीच, गिरणीत न्यायची तीच. गव्हाचं पीठ मिसळू नये म्हणून गिरणी उघडताच पहिलं दळण आमचं. मला भरून यायचं, खोटं कशाला सांगू.

सहा महिने पथ्य जिवापाड पाळलं. मामेबहिणीच्या लग्नात नुसता वरणभात खाल्ला, तोही घरून नेलेला. तरी जुलाब थांबेनात. टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते. पथ्य पाळलं की तिचा आकडा उतरतो. माझा हलायलाच तयार नव्हता.

पोटाचे डॉक्टर दौंडला दर गुरुवारी यायचे. त्या दिवशी नवराही कारेगावहून आला होता. तीन तास बाकावर बसून आम्ही तिघं आत गेलो. ते म्हणाले, "तुमच्या पोटात कुठून तरी गहू जातोय. जात नसेल, तर हा पथ्याला दाद न देणारा प्रकार आहे. पुढच्या गुरुवारी स्टिरॉइड सुरू करू."

बाहेर सगळ्या पेशंटांसमोर नवरा म्हणाला, "चोरून खातीस आन् वर रडतीस व्हय?" आई शेजारीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली.

सोमवारी तिचा गुडघा धरला, म्हणून दळण घेऊन मी गेले. गिरणीवाल्या मामांनी डबा उघडला. "आज गहू न्हाई आणलं? काकू दर टायमाला पिशवीतनं दोन वंजळी टाकत्यात की. आधी एकच टाकायच्या."

डबा तिथंच ठेवून मी घरी आले. आई दारात बसली होती. विचारलं, तर तिनं नाकारलंही नाही.

"जर्शीला नवी पेंड एकदम घालतो का आपण? मूठमूठ वाढवली की पोट धरतंय. म्हनलं, तुझंबी सवयीनं बसंल. गहू न खानारी बाई सासरी किती दिस नांदंल?"

"दवाखान्यात तुझे जावई मला चोर म्हणाले, तवा का बोलली न्हाईस?"

ती गुडघा चोळू लागली. गहू घातल्याचा राग कधी तरी निवला असता. पण चार लोकांत मी खोटी ठरत होते आणि माझ्या सख्ख्या आईनं ते बसून बघितलं. केसानं गळा कापला तिनं माझा.

डॉक्टरांना सांगितल्यावर स्टिरॉइड टळली. कारेगावला परतून घरीच दळायला घरघंटी घेतली. पाच महिन्यांत आकडा उतरला, वजन सत्तेचाळीस झालं. नवऱ्यानं माफी मागितली, भाकरी थापायला शिकला. मामांचे उपकार तर फिटायचे नाहीत. तुमच्यापैकी कुणाला हा आजार निघाला, तर एवढंच सांगेन, मायेनं वाढलेलंही विचारून खा.

परवा आई आली. फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. म्हणाली, "निव्वळ ज्वारी हाय, तुझ्या गळ्याची आन."

ती खरं बोलत होती, मला कळत होतं. मी भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढल्या आणि माझ्यापुरता भात टाकला. शिजेपर्यंत आई माझ्याकडं बघत राहिली. मी गप्प बसले.