शेठजींच्या गाडीचा दुसरा ब्लोअर

सिंदीच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तेल घालणारे दादा नसते, तर मी आज गावी परत जाऊन म्हशी वळत असतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण एकदा हकिगत रंगली की माणूस स्वतःचाच मोठेपणा सांगत सुटतो, आणि मला तेवढी तरी चूक टाळायची आहे. बाकीच्या करून झाल्या आहेत.

माझी शाळा पाचवीत सुटली. पुढे कोल्हापुरातल्या एका गॅरेजात सहा-सात वर्षं हात काळे केले, आणि इतक्या लांब आलो तो एका गाडीपायी. जिनाच्या शेठजींनी कुठल्याशा संस्थानिकाकडून शर्यतीची गाडी विकत घेतली होती. दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची, हिरवी. रेडिएटरच्या पुढे तिला ब्लोअर होता. लोखंडी पेटीत दोन जाड पाती एकमेकींना न शिवता गरगर फिरतात आणि इंजिनात जादा हवा कोंबतात, तो ब्लोअर. पण तो पार झिजला होता. पाती पेटीला घासून किंचाळायची, मागून निळा धूर, आणि चढावर गाडी धापा टाकायची. गाडीबरोबर एका खोक्यात दुसरा ब्लोअर आला होता, कोरा करकरीत. तो एकच. तिसरा मिळायचा नाही, कारण ते बनवणारा विलायतेतला कारखाना कधीच बंद पडला होता.

"येतं का बसवता?" शेठजींनी विचारलं.

"येतं," मी म्हणालो. खरं म्हणजे एकदाच, आणि तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं.

"बसवलास तर कायमचा ठेवीन. हा जळाला तर सामान बांध."

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. पण काय सांगू, खोक्यातून तो ब्लोअर उचलला तेव्हा अंगावर काटा आला! पाती बोटानं फिरवली तर आवाज नाही, अडखळ नाही. जुना उतरवला, नवा चढवला, मधली फट मापाची पातळ पत्री आत घालून चारचारदा मोजली. बेअरिंगला तेल नेणारी बारीक नळी आणि तिच्या टोकाची पितळी तोटी रॉकेलनं धुतली आणि छान पुसली. कशानं? रुईनं. कोल्हापुरात चिंधीसाठी मारामारी, आणि इथे सरकी काढलेल्या पांढऱ्याशुभ्र रुईचे ढीग! मूठभर उचलायची, पुसायचं, फेकायचं. मला तर श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं जागेवर होतं. चार वाजता शेठजी येणार होते. तेवढ्यात दादा हातात तेलाची बुधली घेऊन शेडमध्ये डोकावले. जिनाच्या प्रत्येक बेअरिंगला तेल घालणं हे त्यांचं काम, वीस वर्षांचं. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे पाहिलं.

"बावा, हे कायनं पुसून राह्यला?"

"रुईनं. स्वच्छ आहे की."

"तेलाची नळीबी?"

"हो. काय झालं?"

"खोल."

"दादा, चारला शेठजी..."

"शेठ येईन नाई तं त्याचा बाप येईन. खोल म्हनतो ना तुले! आमच्या जिनात रुईनं तेलाची जागा पुसली तं मुकादम हात तोडते. मोठा आला मोटारीचा डाक्टर!"

मी चिडलो होतो, पण पाना उचलला. नळी सोडवली, तोंडात धरून फुंकली. हवा पार जाईना. पुन्हा फुंकली, गाल दुखेपर्यंत. तोटीचं छिद्र सुईच्या टोकाएवढं, आणि त्यात तेलानं भिजलेल्या रुईच्या तंतूंचा बोळा घट्ट बसला होता. गाडी सुरू केली असती तर पाच मिनिटांत बेअरिंग कोरडं पडून जळालं असतं, पाती एकमेकींवर आदळली असती.

मी तार घ्यायला गेलो तर दादांनी मनगट धरलं. "तारेनं भोक मोठं होते. मंग तेल जास्त जाईन, धूर काढीन. थांबजो."

बाहेर अंगणात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडलेल्या होत्या. दादा एका बैलामागे गेले आणि शेपटीचा एक लांब केस उपटून आणला. बैलानं लाथ झाडली, बंडीवाल्यानं शिवी हासडली. दादा हसतच परत आले. केस छिद्रातून आरपार गेला आणि तंतूंचा बोळा घेऊनच बाहेर आला! मग त्यांनी कमरेचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं फडकं काढून दिलं. "हे घे. याचा धागा निंघत नाई."

सगळी नळी पुन्हा धुतली. आता तेल बेअरिंगपर्यंत पोचतं की नाही हे इंजिन सुरू करण्याआधी पाहायचं होतं. प्लग काढले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि जिनातल्या सहा हमालांनी ती अंगणभर ढकलली, म्हणजे इंजिन न पेटता नुसतं फिरेल आणि त्याचा पंप तेल चढवेल. बैल बुजले, बाया कामं टाकून दारात येऊन हसायला लागल्या. दादा नळीच्या सुट्या टोकाशी वाकून चालत होते.

"आलं! आलं तेल, बावा!"

शेठजी आले तेव्हा गाडी अंगणात उघडीच पडलेली. त्यांच्या कपाळावर आठ्या. "चार वाजून गेले, मिस्त्री. काऊन उशीर?"

दादाच म्हणाले, "म्याच थांबवलं, शेठ. तेल चढू द्या लागते. घाई केली तं जळते."

रुईबद्दल एक अक्षर नाही.

नळी जोडली, प्लग लावले. इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं नुसतं हळू चालू दिलं, आणि मग शेठजी स्टिअरिंगवर, मी शेजारी, वर्ध्याच्या रस्त्याला लागलो. त्यांनी पाय दाबला आणि ब्लोअरनं असा सूर धरला, बारीक, चढता, कुठेही खरखर नसलेला, की मी ओरडलोच! पाठ मागे आपटली, बाभळी सपासप मागे गेल्या. शेठजीही ओरडत होते, मालक असल्याचं विसरून.

मी कायम झालो. तेव्हापासून हंगामात गाडी अंगणात सुरू करत नाही, ढकलत फाटकाबाहेर नेतो, नाहीतर उडती रुई ब्लोअरच आत ओढतो. हवेच्या तोंडावरची जाळी रोज झाडतो. तोटी दर पंधरा दिवसांनी काढतो आणि केसानंच साफ करतो.

त्या दिवशी आम्ही भरधाव गेलो तेव्हा दादा फाटकात उभे होते. त्या गाडीत बसायला त्यांना कुणी सांगितलं नाही, मीही नाही, आणि ती माझी नव्हतीच. सुट्टी मिळाली की ते अजून परतीच्या बंडीवर किंवा पायीच हिंगणीला घरी जातात. कधीतरी माझी स्वतःची गाडी होईल, मोडकी का असेना. तिच्यात दादांना पुढच्या सीटवर बसवून हिंगणीत त्यांच्या दारापर्यंत मी सोडणार आहे. हा माझा शब्द.